घोडा कोणता जिंकला हे माहीत नसताना नफा कसा होतो? बेटिंग एक्सचेंजवरचं ट्रेडिंग आणि त्याची तयारी

ब्रिटनमधल्या घोड्यांच्या शर्यतींवर ‘ट्रेडिंग’ करणाऱ्यांचे व्हिडिओ बऱ्याच जणांनी पाहिले असतील. निळ्या-गुलाबी रकान्यांत आकडे भराभर बदलत असतात, माणूस दोन-चार क्लिक करतो आणि शर्यत सुटायच्या आतच सगळ्या घोड्यांपुढे हिरव्या रंगात नफा उमटतो. मग कोणीतरी विचारतं, ‘पण घोडा कोणता जिंकला?’ उत्तर येतं, ‘ते मी पाहिलंच नाही.’

हे उत्तर खरं असू शकतं. पण ते अर्धंच आहे. भाव उलटा फिरला की तोच माणूस काय करतो, हे त्या व्हिडिओत नसतं, आणि तयारी म्हणतात ती बहुतेक त्याचीच करायची असते. म्हणून आधी हा बाजार कसा चालतो ते पाहू आणि मग तयारीकडे येऊ.

बुकी नाही, अडत्या

जुन्या पद्धतीत बुकी स्वतः भाव काढतो. तुम्ही घोडा लावता. तो जिंकला तर बुकी पैसे देतो, हरला तर तुमचे पैसे त्याचे. समोर कायम तोच असतो.

२००० सालच्या जून महिन्यात अँड्र्यू ब्लॅक आणि एडवर्ड रे यांनी लंडनमध्ये बेटफेअर हे बेटिंग एक्सचेंज सुरू केलं आणि ही मांडणी बदलली. एक्सचेंज स्वतः पैज घेत नाही. शेतमालाच्या बाजारातला अडत्या जसा घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची गाठ घालून देतो आणि आपली अडत कापून घेतो, तसंच हे आहे. माल त्याचा नाही, जोखीमही त्याची नाही. इथल्या अडतीला कमिशन म्हणतात. ते निव्वळ नफ्यावर कापलं जातं आणि बहुधा २ ते ५ टक्क्यांच्या घरात असतं.

पडद्यावरचे दोन इंग्रजी शब्द म्हणजे बॅक आणि ले. रेसच्या बोलीत त्यांना जुने शब्द आहेत: लावणं आणि खाणं. घोडा जिंकेल यावर पैसे टाकले म्हणजे तो लावला. तो जिंकणार नाही या बाजूने उभं राहून समोरच्याची पैज घेतली म्हणजे तो खाल्ला. बुकी हेच आयुष्यभर करत आला. एक्सचेंजवर हे कोणालाही करता येतं, एवढाच फरक. पण फरक फार मोठा आहे.

भाव दशांशात असतो. ५.० भावाने १०० पौंड लावले आणि घोडा जिंकला तर मूळ रकमेसकट ५०० परत येतात, म्हणजे नफा ४००. खाणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर घोडा हरल्यावर त्याला १०० मिळतात, जिंकल्यावर त्याच्या खिशातून ४०० जातात. या ४०० ला त्याची देणेदारी म्हणू. एक्सचेंज ती आधीच खात्यात अडवून ठेवतं. नवखा माणूस ‘१०० पौंडांनी खाल्लं’ असं म्हणतो तेव्हा त्याचे ४०० पणाला लागलेले असतात. पहिली चूक बहुतेकांची इथेच होते.

नफा येतो कुठून

भाव म्हणजे बाजाराने बांधलेला अंदाज. ५.० म्हणजे पाचात एक, २० टक्के. हा अंदाज शर्यतीआधी मिनिटामिनिटाला बदलतो, आणि त्या बदलातच ट्रेडरची कमाई असते.

समजा ५.० ला १०० पौंड लावले. पाच मिनिटांत त्या घोड्यावर पैसा आला आणि भाव ४.८ वर उतरला. आता तोच घोडा ४.८ ने १०४.१७ पौंडांना खायचा. घोडा जिंकला तर लावलेल्याचे ४०० येतात, खाल्लेल्याचे ३९५.८३ जातात, उरतात ४.१७. हरला तर लावलेले १०० जातात आणि खाल्लेले १०४.१७ येतात. उरतात तेच ४.१७. दुसरा कोणताही घोडा जिंकला तरी आकडा तोच. यालाच ‘ग्रीन करणं’ म्हणतात. शर्यत सुटायच्या आधीच निकालाशी आपला संबंध संपलेला असतो. २ टक्के कमिशन म्हणजे आठ पेन्स गेले.

उलट्या क्रमानेही चालतं. भाव चढणार असं वाटलं तर आधी खायचं, मग चढ्या भावाने लावायचं. थोडक्यात, ज्या भावाने लावलं तो ज्या भावाने खाल्लं त्यापेक्षा मोठा असला की नफा.

आता हेच गणित उलटं करू. ५.० ला १०० लावले आणि भाव ५.३ वर गेला. तिथे ९४.३४ पौंडांना खाऊन बाहेर पडलं तर ५.६६ चा तोटा, कोणताही घोडा जिंको. बाहेर पडलंच नाही आणि घोडा हरला तर तोटा १००. म्हणजे आधीच्या उदाहरणासारखे चोवीस-पंचवीस यशस्वी व्यवहार एका शर्यतीत गेले. मला या विषयात एकच गोष्ट सांगायची परवानगी असती तर मी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दिले असते: ४.१७ आणि १००.

भाव ज्या किमान पायरीने हलतो तिला टिक म्हणतात. सगळ्या पायऱ्या सारख्या नसतात. १.०१ ते २ पर्यंत ०.०१ ची पायरी, २ ते ३ मध्ये ०.०२, ३ ते ४ मध्ये ०.०५, ४ ते ६ मध्ये ०.१, ६ ते १० मध्ये ०.२, १० ते २० मध्ये ०.५, आणि पुढे ती मोठीच होत जाते. १०० पौंडांवर १.५० ला एक टिक मिळाला तर साधारण ६७ पेन्स हाती येतात. १२ वर तोच एक टिक ४.३५ पौंडांचा. उलटा गेला तर तोटाही त्याच मापाचा. म्हणून ‘दोन टिक तोटा झाला की बाहेर’ असा सरसकट नियम वेगवेगळ्या भावांना लावला, तर प्रत्यक्षात जोखीम दरवेळी वेगळीच होऊन बसते.

भाव हलतो तरी का

कारणं अनेक आहेत, आणि ट्रेडरला प्रत्येक वेळी खरं कारण कळायलाच हवं असं नाही. पाऊस पडून मैदान मऊ होतं. मऊ मैदानावर धावणारा घोडा अचानक लोकांना आवडू लागतो. पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवारात, एखादा घामाघूम दिसतो. जॉकी बदलतो. एखाद्या तबेल्याचा घोडा दुपारच्या पहिल्या शर्यतीत जिंकतो, मग त्याच ट्रेनरच्या पुढच्या घोड्यावर पैसे येतात. आणि कित्येकदा फक्त एवढंच होतं की भाव उतरतोय हे पाहून आणखी लोक मागे लागतात.

एक गोष्ट मात्र समजून घ्यायलाच हवी. शर्यत एकच घोडा जिंकणार, म्हणून सगळ्या घोड्यांच्या भावांतून निघणाऱ्या शक्यतांची बेरीज १०० टक्क्यांच्या आसपासच राहते. तागडीसारखंच. एकाचा भाव उतरला, म्हणजे त्याची शक्यता वाढली, की कोणाचा तरी भाव चढलाच पाहिजे. त्यामुळे तुम्ही ज्याच्यावर व्यवहार केला त्याच्याकडेच डोळे लावून बसण्यापेक्षा फेव्हरिटकडे, म्हणजे सर्वांत कमी भावाच्या घोड्याकडे, लक्ष ठेवलेलं बरं. फेव्हरिटचा भाव ढासळू लागला की तुमच्या घोड्याच्या भावाला वर ढकलणारा जोर तिथूनच येतो. तुमच्या घोड्याबद्दल कोणालाही काही वेगळं कळलेलं नसतं.

रकान्यांत प्रत्येक भावापुढे किती पैसे रांगेत उभे आहेत ते दिसतं. एका बाजूला मोठा आकडा दिसला की नवखा समजतो, भाव तिकडून ढकलला जाणार. कधी कधी होतंही तसं. पण रांगेतले पैसे म्हणजे दिलेला शब्द, झालेला सौदा नव्हे. ते एका क्षणात काढून घेता येतात, आणि दुसऱ्यांना भुलवण्यासाठीच ठेवलेही जातात. झालेल्या सौद्यांचे आकडे जास्त खरे.

तयारी आदल्या दिवसापासून

सपाट शर्यतींचे घोडे ४८ तास आधी जाहीर होतात. अडथळ्यांच्या शर्यतींचे बहुतेक आदल्या दिवशी सकाळी. म्हणजे उद्या दुपारी काय काय आहे हे आज कळतं. संध्याकाळी अर्धा तास देऊन यादी काढायची: कोणती शर्यत घ्यायची आणि कोणती सोडायची.

माझ्या मते सोडायच्या शर्यतींची यादी जास्त मोलाची. ज्या शर्यतीत अनुभव नसलेले, पहिल्यांदाच धावणारे घोडे आहेत, तिथे बाजाराला स्वतःलाच काही माहीत नसतं. भाव एकदम मोठ्या उड्या मारतो. जिथे एकच घोडा १.२० वर बसलाय, तिथे हालचालीला जागा नाही. ग्रँड नॅशनलसारखी शर्यत नवख्याला फार खुणावते, कारण तिथे पैसा प्रचंड असतो. पण लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री (Aintree) मैदानावर होणाऱ्या या शर्यतीत २०२४ पासून ३४ घोडे धावतात (त्याआधी ४०), आणि वर्षातून एकदाच पैज लावणारे लाखो लोक तिथे नावावरून, रंगावरून घोडा निवडतात. तिथला अनुभव मंगळवारच्या साध्या शर्यतीला कामी येत नाही. मार्चमधल्या चेल्टनम महोत्सवाचंही बरंचसं असंच. शिकायला साधा दिवस चांगला: आठ ते बारा घोडे, फेव्हरिट ३ ते ४ च्या आसपास, शेवटच्या दहा मिनिटांत पुरेसा पैसा.

घोडा ऐनवेळी मागे घेतला गेला तर काय होतं, हेही आधीच समजून घ्यावं. अशा वेळी उरलेल्या घोड्यांवरचे झालेले सौदे एका ठरावीक टक्क्याने कापले जातात. समजा २.५ चा, म्हणजे ४० टक्क्यांचा फेव्हरिट गळाला. तुम्ही ५.० ला लावलेला घोडा आता ३.० ला लावला असं धरलं जातं. हिशेबाने ते न्याय्यच आहे, कारण स्पर्धक कमी झाल्याने त्याची शक्यताही तेवढीच वाढली. पण तुम्ही अर्ध्या व्यवहारात असताना बाजार थांबतो, कापलेल्या भावांसह पुन्हा उघडतो, आणि पहिले काही सेकंद तिथे कुठलाच भाव ठरलेला नसतो. हे पहिल्यांदा अनुभवताना हात थरथरतो. आधी वाचलेलं असलं तर कमी थरथरतो.

कामाच्या साधनांबद्दल थोडक्यात. बहुतेक ट्रेडर एक्सचेंजच्या संकेतस्थळाऐवजी खास सॉफ्टवेअर वापरतात. त्यात भाव शिडीसारखे उभे मांडलेले असतात आणि एका क्लिकमध्ये सौदा टाकता येतो. तीच सोय घातकही आहे, कारण चुकीच्या बाजूला पडलेला क्लिकही तितकाच झटपट जातो. त्यामुळे सराव-खात्यावर आधी बोटांना सवय लावायची. रक्कम आधी भरून ठेवायची, दर वेळी टाइप करायची नाही. आणि इंटरनेट गेलं तर काय, याचं उत्तर टेबलावर हवं: दुसरं उपकरण, दुसरं कनेक्शन, त्यात आधीच उघडून ठेवलेलं खातं.

शेवटची दहा मिनिटं

शर्यतीवरचा बराचसा पैसा शेवटच्या काही मिनिटांत येतो. तासभर आधी दोन पौंडांच्या आणि वीस पौंडांच्या रांगा दिसतात. तिथे आत शिरणं सोपं आणि बाहेर पडणं कठीण.

आता शिडीकडे जवळून पाहू. समजा वेळ दुपारी ३ ची आहे. २ वाजून ५२ मिनिटं. ४.६ आणि ४.७ यांच्यात भाव घुटमळतोय. घोडे पॅडॉकमधून बाहेर पडून सुरुवातीच्या जागेकडे निघाले. ४.७ वरची रांग हळूहळू संपत जाते, ४.८ वर एक सौदा होतो, पुन्हा ४.७. तुम्ही काहीही करत नाही. २ वाजून ५६. आता ४.८ वर सलग सौदे व्हायला लागलेत, ४.६ वर कोणी फिरकत नाही, आणि त्याच वेळी फेव्हरिट २.९ वरून २.८४ वर आलाय. इथे एक विचार तयार होतो: भाव ५ कडे जाईल. आत शिरण्याआधी तीन आकडे ठरतात. ४.८ ला खायचं, ५.० ला लावून बाहेर, आणि ४.६ ला आलं तर तोट्यात बाहेर. तिसरा आकडा ठरवता येत नसेल तर क्लिक करायचाच नाही.

घड्याळावर विसंबून राहू नये. ३ ची शर्यत ३ लाच सुटेल असं नाही. सपाट शर्यतीत घोडे स्टॉलमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या दारं असलेल्या कप्प्यांत, चढवले जातात. एखादा अडून बसतो, मागे फिरवला जातो, पुन्हा आणला जातो. त्यात दोन-तीन मिनिटं जातात. कधी सगळे शहाण्यासारखे आत जातात आणि क्षणात दारं उघडतात. अडथळ्यांच्या शर्यतीत स्टॉल नसतातच, घोडे चालत रांगेत येतात आणि सुटका अचानक होते. म्हणून थेट चित्र किंवा निदान समालोचन हवंच. निम्मे घोडे आत गेले की व्यवहार बंद करायला लागायचं, हा नियम नवख्याने पाळावा. शेवटच्या दोन टिकचा मोह आवरणं हेच इथलं अवघड काम.

शर्यत सुटली आणि व्यवहार उघडाच राहिला तर?

शर्यत सुटली की बाजार बंद होत नाही, ‘इन-प्ले’ होतो, म्हणजे घोडे धावत असतानाही सौदे चालू राहतात. ‘थोडं थांबू, भाव परत येईल’ ही सर्वांत महागडी समजूत इथे जन्माला येते. शर्यतीआधी एका टिकने हलणारा भाव आता एका अडथळ्याला ५ वरून ३० होतो. शिवाय तुमच्या घरचं चित्र मैदानाच्या मागे असतं आणि सौदा टाकल्यावर तो नोंदला जाण्याआधी मुद्दाम ठेवलेला छोटा विलंब असतो. तुम्ही पाहताय ते घडून गेलंय, आणि ज्यांना ते आधी कळलंय ते तुमच्या समोर उभे आहेत.

यावर एक आक्षेप हमखास येतो: मग हरणार हे ठरलेलाच घोडा शेवटच्या क्षणी खाऊन कोणीही पैसे कमवेल. १००० भावाचा घोडा हरणारच ना? जानेवारी २००२ मध्ये साउथवेलला फॅमिली बिझनेस नावाचा घोडा धावत होता. मधेच त्याच्यावरून जॉकी टोनी मॅकॉय खाली आला. एक्सचेंजवर त्याचा भाव १००० पर्यंत गेला. मग बाकीचे घोडेही एकेक करून पडले किंवा अडले, मॅकॉय पुन्हा चढला, शर्यत पूर्ण केली आणि जिंकला. ज्याने १००० ला खाल्लं त्याने एका पौंडासाठी ९९९ दिले. पडल्यावर पुन्हा चढायला ब्रिटनमध्ये २००९ साली बंदी आली, पण १००० म्हणजे शून्य नव्हे हे गणित बदललेलं नाही.

हे सगळं संगणकानेच केलं तर?

करतातच. मोठ्या बाजारांत बरेचसे सौदे प्रोग्राम टाकतात. पण प्रोग्राम म्हणजे तुम्हीच ठरवलेला नियम, न थकता पुन्हा पुन्हा पाळला गेलेला. नियम चुकीचा असेल तर चूकही न थकता होते.

२८ डिसेंबर २०११ ला डब्लिनजवळच्या लेपर्ड्सटाउनला व्होलेर ला व्हेडेट ही घोडी शर्यतीच्या शेवटाकडे स्पष्ट पुढे होती. तरीही बेटफेअरवर तिचा २९ चा भाव मिळत होता, आणि तोही २.१ कोटी पौंडांहून जास्त रकमेला. कोणाच्या तरी प्रोग्रामने ती रक्कम खायला ठेवली होती. घोडी जिंकली. देणेदारी जवळपास ६० कोटी पौंडांची निघत होती. त्या खात्यात, बेटफेअरच्या सांगण्यानुसार, एक हजार पौंडही नव्हते. देणेदारी आधी अडवून ठेवणारी यंत्रणाच तांत्रिक बिघाडाने चुकली होती. शेवटी शर्यत चालू असताना झालेले सगळे सौदे रद्द केले गेले, आणि ज्यांना आपण जिंकलो असं वाटलं होतं ते फार संतापले. त्यांचा राग मला समजतो. पण तयारीच्या दृष्टीने शिकायचं ते हे की सुरक्षेची कडी प्रोग्राममध्येही आपली आपण घालायची: एका शर्यतीत जास्तीत जास्त किती, आणि शर्यत सुटताच सगळं बंद.

शेअर बाजारासारखंच आहे का, आणि जिंकतं कोण?

पडदा सारखा दिसतो, पण एक मूलभूत फरक आहे. चांगला शेअर पडला तरी धरून ठेवता येतो, कंपनी कमावत राहते. इथे भावाचं आयुष्य काही मिनिटांचं, आणि शेवटी तो पूर्ण मिळतो किंवा शून्य होतो. शिवाय इथे कोणी नवी संपत्ती निर्माण करत नाही. एकाचा नफा म्हणजे दुसऱ्याचा तोटा, आणि मध्ये कमिशन कापलं जातं. म्हणजे सगळ्यांची मिळून बेरीज कायम उणे. सातत्याने जिंकणारे आहेत, हे बेटफेअरच्याच वागण्यातून दिसतं. २००८ साली त्यांनी अशा खात्यांवर जादा आकार लावला आणि २०११ मध्ये सर्वांत यशस्वी खात्यांसाठी तो ६० टक्क्यांपर्यंत नेला. पण ते जिंकतात ते इतरांच्या पैशांतूनच. म्हणून या कामासाठीची रक्कम घरखर्चापासून, बचतीपासून वेगळी हवी, आणि ती पूर्ण गेली तरी झोप उडणार नाही एवढीच हवी. उसने पैसे तर मुळीच नकोत. हरलेलं परत मिळवायची घाई सुटत नसेल तर मदत मागावी, आणि लवकर मागावी.

भारतात बसून हे करता येईल का, असं विचारणाऱ्यांसाठी: २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. समाजमाध्यमांवर ‘एक्सचेंज आयडी’ विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. तिथे पैसे बुडाले तर दाद मागायला कोणी नसतं.

वही

जिथे हे कायदेशीर आहे तिथे शिकणाऱ्याने पहिल्या दोन-तीनशे शर्यती सर्वांत लहान रकमेने कराव्यात आणि वही ठेवावी. नफा-तोटा एक्सचेंज लिहितंच, तो वेगळा लिहायची गरज नाही. वहीत लिहायचं ते असं: आत का शिरलो, कोणत्या आकड्याला बाहेर पडायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात कुठे पडलो. शेवटच्या दोन आकड्यांत फरक असेल तर त्यापुढे कारण, खरं खरं, एका ओळीत. महिन्याने ती ओळच तेवढी वाचत जायची. ‘थोडं थांबून पाहिलं’ असं त्यात दहा वेळा आलं असेल तर एकूण नफा कितीही दिसत असला, तरी पुढच्या महिन्याची रक्कम आहे तीच ठेवायची.